जाळीपलीकडच्या दोघी

‘डेगू? म्हणजे ते डेंग्यूचं काही आहे का?’ माझ्याकडे दोन डेगू राहायला आल्यात, असं ठाण्याला फोनवर सांगितलं तेव्हा आईनं विचारलं होतं. मग व्हिडीओ कॉलवर तिनं त्या बघितल्या आणि कपाळाला हात लावला. ‘अगं, हे तर उंदीर! इथे आपण पिंजरा लावून धरतो आणि तू पिंजऱ्यात ठेवून खायला घालतेस?’

आईचं काही चुकलं नाही. तुमच्यापैकीही बऱ्याच जणांनी हे नाव ऐकलं नसेल. तर आधी थोडक्यात ओळख. डेगू मूळचे चिली देशातले, गिनीपिग आणि चिंचिला यांच्या गोतावळ्यातले. ओंजळीत मावतील एवढे, वजन साधारण २०० ते ३०० ग्रॅम. रंग मातकट, कान गोल आणि शेपटीच्या टोकाला काळ्या केसांचा झुबका, अगदी वॉटरकलरच्या ब्रशसारखा. दात पिवळे-नारिंगी. हे पिवळे दात तब्येत ठणठणीत असल्याची खूण असतात हं! पांढरे पडले की काळजी करायची. हॅमस्टरसारखी यांची रात्रपाळी नसते, डेगू दिवसा जागे असतात. म्हणजे वर्क फ्रॉम होमवाल्यांसाठी एकदम बेस्ट. नीट सांभाळले तर ५ ते ८ वर्षं जगतात. हा आकडा जरा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मी २०२१ मध्ये नोकरीसाठी जर्मनीत, श्टुटगार्टला आले. वर्षभरानं ऑफिसमधली एक मैत्रीण दुसऱ्या देशात राहायला चालली होती आणि तिच्या दोन डेगू बहिणींना घर हवं होतं. इथे भाड्याच्या घरात पिंजऱ्यातले छोटे प्राणी ठेवायला घरमालकाची परवानगी लागत नाही. मलाही तेव्हा कुणाचीही सोबत चालली असती. कपाटाएवढा लोखंडी पिंजरा लिफ्ट नसलेल्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर चढला आणि त्या दोघी माझ्याकडे आल्या. त्यांची जर्मन नावं मी आठवड्याभरात बदलून टाकली. एक चिंगी, दुसरी मंगी.

मंगी आली तेव्हाच तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. डेगूंच्या शरीराला साखर झेपत नाही. मधुमेह त्यांना पटकन गाठतो आणि पाठोपाठ मोतीबिंदू. म्हणून यांना फळं नाहीत, बिस्किटं नाहीत. सुकं गवत, पाला, चिमूटभर बिया, बस. गणपतीत मी मोदक केले तेव्हा दोघी जाळीला नाक लावून बसल्या होत्या, पण नो म्हणजे नो! एवढं सांभाळूनही नोव्हेंबर २०२३ च्या पहिल्या आठवड्यात मंगी झोपेतच गेली. चार वर्षांची होती.

एकटीची हाक

डेगू भयंकर बोलके असतात. कुरकुर, चिवचिव, तक्रारीचा सूर, धोक्याची शिट्टी... प्रत्येक गोष्टीला वेगळा आवाज. या दोघींचं दिवसभर काही ना काही चालू असायचं. माझ्या ऑफिस कॉलवर लोक विचारायचे, ‘तुझ्याकडे पक्षी आहेत का?’

मंगी गेल्यावर चिंगी दोन दिवस तिच्या झोळीत नाक खुपसून बसली. तिसऱ्या दिवसापासून हाक मारायला लागली. एक आवाज काढायचा, थांबायचं, कान टवकारायचे, पुन्हा तोच आवाज. आठवड्याभरानं तेही बंद झालं. चाकाचा खडखडाटही थांबला. एरवी त्या खडखडाटावर मी जाम वैतागायचे, आता तो नाही म्हटल्यावर घर खायला उठलं. तिचं वजन २० ग्रॅमनं उतरलं. एवढ्याशा जिवाला २० ग्रॅम म्हणजे खूप झाले. व्हेटकडे नेलं. त्यांनी दात बघितले, साखर तपासली, पोट दाबून बघितलं आणि म्हणाल्या, ‘ही आजारी नाही. एकटी आहे.’

एकटेपणाचं असं निदान होऊ शकतं हे मला नवीन होतं. पण शेजारच्या स्वित्झर्लंडमध्ये तर हे कायद्यातच आहे. तिथल्या २००८ च्या प्राणी संरक्षण नियमांप्रमाणे गिनीपिग, उंदीर, चिंचिला, डेगू यांना एकेकटं ठेवता येत नाही, किमान दोघं हवीतच. मी कौतुकानं हे आईला सांगितलं. ती क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, ‘तू तिकडे एकटी राहतेस ते चालतं, आणि उंदराला सोबत हवी?’

यावर काय बोलणार?

माझ्यापुढे तीन रस्ते होते. चिंगीला डेगूंचा कळप असलेल्या एखाद्या घरी देऊन टाकायचं. तिला आहे तशीच राहू द्यायचं. किंवा तिच्यासाठी नव्या मैत्रिणी आणायच्या. पहिला रस्ता शहाणपणाचा होता, कारण नेमकं तेव्हाच कंपनीनं विचारलं होतं, ‘मार्चपासून पुण्याच्या ऑफिसात परत जायचंय का? डिसेंबर लागायच्या आत कळव.’ आणि इथे तो मघाचा आकडा येतो. छोट्या डेगू आणायच्या म्हणजे पुढची ५ ते ८ वर्षं. ज्या मुलीनं तोपर्यंत दोन वर्षांच्या वर मोबाइलचं कॉन्ट्रॅक्टसुद्धा केलं नव्हतं, तिच्यासाठी हा प्रकार म्हणजे डोक्याला शॉटच!

दहा दिवस मी दोन्ही बाजूंची यादी करत बसले. पुण्याच्या बाजूला आई-बाबा, मैत्रिणी, मिसळ, पाऊस. श्टुटगार्टच्या बाजूला काम, पगार आणि गुडघ्याएवढ्या पिंजऱ्याच्या मजल्यावर बसून माझ्याकडे बघणारी एक चिंगी. खरं सांगायचं तर मला इथेच राहायचं होतं. फक्त तसं मोठ्यानं म्हणायला कारण सापडत नव्हतं. ३० नोव्हेंबरला मी एचआरला मेल टाकली की मी थांबतेय. कारण लिहिलं, ‘प्रोजेक्ट’. २ डिसेंबरला, शनिवारी, ट्राम पकडून टियरहाइमला गेले. टियरहाइम म्हणजे प्राण्यांचं आश्रयघर.

चौकशी, करार आणि ठकी-ठमी

तिथे तीन महिन्यांच्या दोन बहिणी होत्या. कुणीतरी दोन माद्या समजून पाळलेल्या जोडीत एक नर निघाला होता, त्याचा हा परिणाम. मी म्हटलं, एक द्या. तिथल्या बाईंनी मान हलवली. ‘दोन. तुमची म्हातारी होत चाललीय, पिल्लांना खेळायला पिल्लूच लागतं. आणि पुढे ती गेली की यातली एक पुन्हा एकटी पडेल, त्याचं काय?’

मग प्रश्नांची फैर. पिंजरा किती उंच? चाक भरीव आहे ना, गजांचं नाही ना? व्हेट कोण? सुट्टीवर गेलात की बघणार कोण? आमच्याकडे मुलगी द्यायच्या आधी एवढी चौकशी होत नाही! शेवटच्या प्रश्नाला मी खालच्या मजल्यावरच्या आजींचं नाव दिलं, त्यांना न विचारताच. करारावर सही केली, देणगीवजा फी भरली आणि ठकी-ठमीला घेऊन घरी आले.

जर्मन भाषेत नव्या प्राण्यांची जुन्याशी गाठ घालून देण्याला एक खास शब्द आहे, ‘फेअरगेझेलशाफ्टुंग’. हाच शब्द माक्स वेबरनं समाजशास्त्रात माणसांबद्दल वापरला. मला तो उच्चारायलाच दोन दिवस लागले. पण त्याचा सरळ अर्थ मला आवडला. मैत्री लावून देणं वगैरे नाही, तर ‘समाज होणं’.

फंडा जाळीचा

पहिले दोन आठवडे दोघींचा मुक्काम स्वयंपाकघरात, वेगळ्या पिंजऱ्यात. काही संसर्ग वगैरे असेल तर कळावा म्हणून. या काळात मी आधी चिंगीला खायला घालायचे, मग हात धुऊन नव्यांना. चिंगीला वास लागला होताच. तिनं दोन आठवड्यांत पहिल्यांदा चाकाला पाय लावला.

१६ डिसेंबरला खरं काम सुरू झालं. मोठा पिंजरा रिकामा केला, व्हिनेगरच्या पाण्यानं पुसला, आतली सगळी मांडणी बदलली आणि मधोमध जाळीची भिंत उभी केली. एका बाजूला चिंगी, दुसऱ्या बाजूला ठकी-ठमी. जाळीची भोकं एक सेंटिमीटरपेक्षा लहान, कारण त्यातून नाक किंवा बोट पलीकडे गेलं की चावा बसलाच म्हणून समजा. शेपटीची धास्ती तर वेगळीच. डेगूची शेपटी कुणी पकडली तर तिची कातडी निसटून येते, जिवाच्या बदल्यात शेपटी देऊन तो पळतो. पण पालीसारखी ती पुन्हा उगवत नाही.

दोन्हीकडे सगळं डबल. दोन चाकं, दोन भांडी, आणि घरं दोन-दोन दारांची, म्हणजे कुणी कुणाला कोपऱ्यात गाठू नये.

यापुढचा फंडा एका वाक्यात सांगता येतो. रोज जागा बदलायच्या. आज चिंगी डावीकडे, उद्या उजवीकडे. म्हणजे रोज दुसरीच्या गवतात झोपायचं, दुसरीच्या घरात बसायचं, दुसरीच्या वाळूत लोळायचं. डेगू अंघोळ पाण्यानं नाही, वाळूनं करतात, आणि त्या वाळूतून सगळ्या कळपाचा वास एक होतो. शिवाय यांची लघवी म्हणजे नोटीस बोर्ड! डेगूंना अतिनील प्रकाश दिसतो आणि ताज्या लघवीच्या खुणा त्यात उठून दिसतात, असं संशोधकांनी दाखवलंय. आपल्याला नुसता ओला ठिपका, त्यांना ‘इथे मी राहते’ अशी चकाकती पाटी.

पहिल्या दिवशी चिंगीनं अंगावरचे केस फुलवले, दात कडकड वाजवले आणि जाळीवर तिची पाटी लावून टाकली. ठकीनं पलीकडून तिची लावली. ठमी मात्र तोंडात गवताची काडी धरून बघत बसली. चौथ्या दिवशी दातांचा आवाज थांबला. आठव्या दिवशी सकाळी उठून बघते तर चिंगीनं आपलं गवताचं अंथरूण ओढत आणून जाळीला टेकवलं होतं. पलीकडून दोघी जाळीला पाठ लावून झोपलेल्या. मध्ये तारेची जाडी, तेवढंच अंतर.

तो दिवस ख्रिसमसच्या आदल्या दिवसाआधीचा होता. इथे ख्रिसमसला शहर अक्षरशः रिकामं होतं. दुकानं बंद, रस्ते बंद, जो तो आपापल्या घरच्यांकडे. त्या संध्याकाळी खालच्या आजी वर आल्या, हातात डबा. घरी केलेली ख्रिसमसची बिस्किटं, त्यांना इकडे ‘गुत्सले’ म्हणतात. आमचा तोपर्यंतचा संबंध म्हणजे ‘केअरवोखं’. या भागात बिल्डिंगचा जिना झाडायची पाळी आठवड्यानं प्रत्येक घराकडे येते आणि ज्याची पाळी त्याच्या दारावर पाटी लटकते. दोन वर्षं आम्ही दर काही आठवड्यांनी ती पाटी एकमेकींच्या दाराला लावून ‘गुटन टाग’ म्हणत होतो. आजी पिंजऱ्यापाशी खुर्ची ओढून तासभर बसल्या. काहीच बोलल्या नाहीत. निघताना म्हणाल्या, ‘तुम्ही मार्चमध्ये घरी जाणार असाल तर यांना मी बघेन.’ म्हणजे मी न विचारता दिलेलं नाव आता खरं झालं!

गुद्दागुद्दी

जाळी कधी काढायची? घाई करायची नाही, एवढंच सगळे जाणकार सांगतात. ३१ डिसेंबरच्या रात्री इथे फटाक्यांचा नुसता धुमाकूळ असतो, म्हणून मी तो जाऊ दिला. ६ जानेवारी २०२४, शनिवार, सुट्टीचा दिवस. फोन सायलेंटवर. हातात ओव्हनचे जाड मोजे, शेजारी टॉवेल आणि केरभरणी. पिंजऱ्याचा फक्त खालचा मजला मोकळा ठेवला आणि जाळी काढली.

दहा सेकंद शांतता. मग चिंगी ठकीच्या पाठीवर चढली. ठकी किंचाळली. दोघी मागच्या पायांवर उभ्या राहून बॉक्सिंग खेळल्यासारख्या एकमेकींना ढकलायला लागल्या. शेपट्या सापासारख्या वळवळताहेत. माझा हात चार वेळा पुढे गेला आणि चार वेळा मी तो मागे घेतला. कारण नियम असा की ढकलणं, चढणं, ओरडणं सगळं चालेल. त्यातूनच कोण मोठी ते ठरतं. पण दोघींचा मिळून एक गोळा होऊन लोळायला लागला किंवा रक्त दिसलं, तर ताबडतोब वेगळं करायचं. अधेमधे हात घातला तर त्यांचं ठरायचं ते ठरतच नाही आणि भांडण रोज पहिल्यापासून सुरू होतं.

दोन दिवस ढकलाढकलीवर निभावलं. ८ तारखेला, सोमवारी, माझी मीटिंग चालू असताना तो आवाज आला. चिंगी आणि ठकीचा गोळा झाला होता. मी कॅमेरा बंद केला, केरभरणी मध्ये सारली, टॉवेल टाकला आणि दोघींना वेगळं केलं. चिंगीच्या कानाला खरचटलं होतं, ठकी थरथरत होती. जाळी परत मध्ये. व्हेट फोनवर शांतपणे म्हणाल्या, ‘होतं असं. एक पायरी मागे जा.’

त्या रात्री मी बराच वेळ पिंजऱ्यासमोर फरशीवर बसले होते. नाहीच जमलं तर? मग घरात दोन पिंजरे, चिंगी एकटी ती एकटीच, आणि पुण्याचा रस्ता मी बंद केलेला. कुणाला सांगायची सोयही नाही. आईला सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, ‘उंदरांच्या भांडणात झोप कसली घालवतेस?’

मग मी या प्राण्यांबद्दल मिळेल ते वाचायला घेतलं. सांतियागोजवळ रिंकोनादा दे माइपू नावाची जागा आहे, तिथे शास्त्रज्ञांनी रानातल्या डेगूंचा वर्षानुवर्षं अभ्यास केलाय. एका बिळात राहणाऱ्या माद्या नेहमी नात्यातल्या असतातच असं नाही. कोल्हे, घुबडं कायम मागावर, त्यामुळे दर वर्षी जुन्या जातात, नव्या येतात आणि बिऱ्हाड पुन्हा बसतं. परक्या माद्या एका बिळात पिल्लं वाढवतात, एकमेकींच्या पिल्लांना पाजतात. बीळ खणतानासुद्धा रांग लावतात, पुढची माती उकरते, मागची ती मागे ढकलते. म्हणजे अनोळखीशी जमवून घेणं हा यांच्यासाठी चमत्कार नाही. ती रोजची गरज आहे. फक्त रानात पळून जायला जागा असते, पिंजऱ्यात नसते. तेवढी जागा आपण वेळ देऊन भरून काढायची.

एकच वास

पाच दिवस पुन्हा जाळी, पुन्हा जागांची अदलाबदल. १३ जानेवारीला दुसरा प्रयत्न केला. या वेळी मध्ये वाळूचा मोठा ट्रे ठेवला. आधी ठमी उतरली. मग चिंगी. मग ठकी, जरा लांबून. तिघी एकाच वाळूत आलटून पालटून लोळल्या. चिंगीनं ठकीला एकदा ढकललं, ठकी आडवी पडली आणि पोट वर केलं. चिंगीनं तिच्या मानेचे केस दातांनी विंचरायला घेतले. मला आधी वाटलं चावतेय! पण ठकीच्या तोंडून तो बारीक कुरकुरीचा आवाज आला, जो मी अडीच महिने ऐकला नव्हता.

१५ तारखेला संक्रांत होती. सकाळी बघते तर तिघी एका घरात, एकावर एक, कुणाची शेपटी कुणाची ते कळू नये असा ढीग. जाणकार म्हणतात, एकत्र झोपल्या की जमलं समजा. तिळगूळ यांना वर्ज्य, पण गोड बोलायला सुरुवात झाली होती! पुढचे दोन आठवडे मी पिंजऱ्याचा एकेक मजला हळूहळू उघडत गेले. चिंगीचं वजन महिन्याभरात भरून आलं. खोल भुशात आता तिघींची खणायची रांग लागते, पुढे चिंगी, मागे दोन हमाल. इथलं रेल्वे स्टेशन जमिनीखाली न्यायचं काम २०१० मध्ये सुरू झालं. या तिघींना द्या म्हणावं!

तुमच्याकडे डेगू नसणार, मान्य. पण घरात एक मांजर आहे आणि दुसरं आणायचं चाललंय, असे तुमच्यापैकी बरेच असतील. त्यांनाही हाच फंडा लागू. दुसऱ्याला आधी वेगळ्या खोलीत ठेवा. दोघांच्या चादरी बदला. बंद दाराच्या दोन बाजूंना जेवण द्या. समोरासमोर सगळ्यात शेवटी. ‘भेटू दे की, होईल ओळख’ म्हणून पहिल्याच दिवशी समोर सोडू नका. ओळख आपण करून देऊ शकत नाही, अंतर किती ठेवायचं ते फक्त आपल्या हातात असतं.

मलाही यातून एक गोष्ट कळली. या गावात माझं कुणी नाही, असं मी दोन वर्षं म्हणत होते. पण तोच जिना झाडत होते, त्याच खिडकीतून तोच चर्चचा मनोरा बघत होते. वास लागत होता, एवढंच. २०२५ च्या उन्हाळ्यात खालच्या आजींनी जिन्यात उभ्या उभ्या मला ‘झी’ सोडून ‘डू’ म्हटलं, म्हणजे ‘तुम्ही’वरून ‘तू’वर आल्या. या भागात त्याला चार वर्षं म्हणजे काही फार नाहीत म्हणे.

चिंगी तेव्हा सहा वर्षांची झाली होती. चाकावर कमी, झोळीत जास्त. ती गेली तर ठकी-ठमी दोघी असतील. आणि त्यातली एक गेली तर? मग पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा टियरहाइम, पुन्हा ५ ते ८ वर्षं. कळपातला प्राणी पाळणाऱ्या प्रत्येकाच्या घरी शेवटी कुणीतरी एक उरतंच, आणि त्याचं काय करायचं ते माणसालाच ठरवावं लागतं. माझं अजून ठरलेलं नाही. पण ती जाळी मी टाकून दिलेली नाही. व्हिनेगरनं पुसून, कागदात गुंडाळून, कपाटावर ठेवलीय.